फायटो सर्टिफिकेट: कोण देते, कसे मिळते आणि माल नेमका कुठे अडकतो

मे २०२५ मध्ये मुंबईहून विमानाने अमेरिकेला गेलेल्या आंब्याच्या १५ खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा इथल्या विमानतळांवर अडवल्या गेल्या. आंब्यात अळी सापडली नव्हती. ८ आणि ९ मे रोजी नवी मुंबईत विकिरण झालेल्या या फळांसोबतचा 'पीपीक्यू २०३' नावाचा फॉर्म चुकीच्या पद्धतीने दिला गेला आहे, एवढाच अमेरिकन अधिकाऱ्यांचा आक्षेप होता. माल परत न्या, नाहीतर इथेच नष्ट करा, असे दोन पर्याय ठेवले गेले. नाशवंत फळ पुन्हा विमानभाडे भरून परत आणणे कुणालाच परवडणारे नव्हते, त्यामुळे आंबा तिथेच नष्ट करावा लागला. निर्यातदारांच्या अंदाजाने हे नुकसान सुमारे ५ लाख डॉलरचे होते. फॉर्म देणारा अधिकारी अमेरिकेच्याच कृषी खात्याचा, फॉर्म नसता तर माल मुंबईत विमानात चढलाच नसता, मग चूक आमची कशी, हा निर्यातदारांचा सवाल होता. सवाल रास्त होता, पण त्याने आंबा वाचला नाही.

एका फॉर्मला एवढे महत्त्व का, हे विकिरण म्हणजे काय ते पाहिल्यावर कळते. अमेरिकेसाठी आंब्याला किमान ४०० ग्रे एवढी मात्रा द्यावी लागते. तेवढ्याने कीड जागच्या जागी मरतेच असे नाही. तिची पुढची वाढ आणि प्रजनन थांबते. म्हणजे नीट विकिरण झालेल्या आंब्यातही वळवळणारी अळी दिसू शकते आणि विकिरण न झालेला आंबाही बाहेरून तसाच दिसतो. फळाकडे बघून काही कळत नाही. जे काही कळायचे ते सोबतच्या कागदावरून.

पीपीक्यू २०३ हा अमेरिकेचा स्वतःचा फॉर्म. पण जगातल्या बहुतेक देशांत ताजे फळ, भाजी, बियाणे, रोपे, फुले पाठवायची तर त्याचा थोरला भाऊ असलेला एक कागद आधी लागतो. त्याचे पूर्ण नाव फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट. सरकारी मराठीत वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र. बागायतदार, पॅकहाउसवाले आणि कस्टमचे एजंट त्याला नुसते 'फायटो' म्हणतात.

हे पत्र कुणाचे कुणाला?

फायटो निर्यातदाराच्या हातात मिळत असले तरी ते त्याला लिहिलेले नसते. वरच्या ओळीतच ते स्पष्ट असते: भारताच्या वनस्पती संरक्षण संघटनेकडून अमुक देशाच्या वनस्पती संरक्षण संघटनेस. एका सरकारने दुसऱ्या सरकारला दिलेली ती हमी आहे. खाली वर्णन केलेला माल ठरलेल्या सरकारी पद्धतीने तपासला आहे, तुम्ही ज्या किडी-रोगांना बंदी घातली आहे त्यांपासून तो मुक्त आहे आणि तुमच्या सध्याच्या नियमांत बसतो, असा तिचा आशय.

'तुम्ही बंदी घातलेल्या' हे शब्द इथे कळीचे आहेत. आपल्या बागेत कुठली कीड त्रासदायक आहे हा इथे प्रश्नच नाही. त्यांच्या देशात कुठली कीड नाही आणि येऊ नये, हा प्रश्न आहे. म्हणून एकाच बागेतला, एकाच दिवशी उतरवलेला आंबा दुबईला, जर्मनीला आणि जपानला पाठवायचा झाला तर तीन वेगवेगळ्या अटींचे तीन वेगळे फायटो होतात.

या व्यवस्थेची सुरुवात द्राक्षापासून झाली, ही गोष्ट तासगाव-अथणी पट्ट्यातल्या वाचकांना रंजक वाटेल. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा ही मुळांवरची कीड अमेरिकेतून फ्रान्समध्ये पोचली आणि तिथल्या द्राक्षबागा उद्ध्वस्त झाल्या. त्यातून १८८१ मध्ये बर्न इथे युरोपीय देशांचा करार झाला. (आपल्याकडे डॉगरिज खुंटावर कलम करतात ते क्षार आणि पाणीटंचाईसाठी. युरोपात खुंटकलम रूढ झाले ते या फिलॉक्सेरामुळे.) पुढे १९५१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करार झाला. भारत १९५२ पासून त्यात आहे. फायटोचा नमुना याच करारातून आला असून आज १८० हून अधिक देश त्याच साच्याचा कागद वापरतात. भारतातला मूळ कायदा याहून जुना, १९१४ चा आहे.

आज देशात ही जबाबदारी केंद्रीय कृषी मंत्रालयाच्या वनस्पती संरक्षण, संगरोध व साठवण संचालनालयाकडे आहे. मुख्यालय फरिदाबादला. मुंबई, बेंगळुरू, हैदराबाद, गोवा अशा ठिकाणी त्याची केंद्रे आहेत. याशिवाय राज्यांच्या कृषी खात्यांतल्या काही अधिकाऱ्यांनाही केंद्राने फायटो देण्याचे अधिकार दिलेले आहेत. महाराष्ट्रात नाशिक, सांगली, सोलापूर, पुणे इथे द्राक्षाच्या हंगामात ही कामे तिथल्या तिथे होतात. इंदूर, ग्वाल्हेरसारख्या बंदर नसलेल्या शहरातल्या निर्यातदाराने बंदराच्या गावी धावण्याआधी आपल्या भागासाठी कुणाला अधिकार आहेत हे संचालनालयाच्या पोर्टलवर पाहून घ्यावे.

अर्ज आता ऑनलाइनच होतो. त्यासाठी आयात-निर्यात कोड म्हणजे आयईसी लागतो. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, समोरच्या देशाचा आयात परवाना लागत असेल तर त्याची प्रत आणि मालावर प्रक्रिया झाली असेल तर तिचा दाखला जोडायचा, फी भरायची, तपासणीची वेळ घ्यायची. अधिकारी माल बघतो, नमुने काढतो, गरज पडली तर प्रयोगशाळेत पाठवतो आणि मग कागद निघतो. ऐकायला सरळ वाटते आणि अर्ज भरण्यापुरते ते सरळच आहे. माल अडकतो तो याच्या आधीच्या आणि नंतरच्या टप्प्यांवर.

बागेपासूनची साखळी

बेळगावहून रोज भाजीच्या गाड्या चोर्ला घाटातून गोव्याला जातात. त्यांना फायटो लागत नाही. राज्याची हद्द ओलांडली तरी देश तोच. पण तीच मिरची किंवा भेंडी युरोपच्या विमानात चढवायची म्हटली की तिची कुंडली शेतापासून मांडावी लागते.

हे नेहमीच असे नव्हते. २०१३ मध्ये भारतातून युरोपला गेलेल्या फळे-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशी आणि इतर किडी सापडल्या. युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून आंबा, वांगी, कारली, पडवळ आणि अळू या पाचांची आयात बंद केली. ऐन हापूसच्या हंगामात ही बंदी आली आणि रत्नागिरी-देवगडच्या बागायतदारांची झोप उडाली. प्रत्येक खेपेसोबत कागद होता, पण त्यामागची तपासणी पुरेशी नव्हती, असा युरोपचा रोख होता. त्यानंतर युरोपचा माल अपेडाने मान्यता दिलेल्या पॅकहाउसमधूनच, तिथेच सरकारी तपासणी करून पाठवायचा, अशी शिस्त लागली. आंब्यावरची बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठली. भाज्यांना जास्त थांबावे लागले.

आता युरोपसाठी अपेडाच्या हॉर्टिनेट प्रणालीवर बागेची नोंद करावी लागते. द्राक्षाचे ग्रेपनेट २००६ पासून आहे आणि आंबा, डाळिंब, भाजीपाला यांच्या प्रणाली त्याच धर्तीवर पुढे आल्या. नोंदणी झालेल्या प्लॉटला क्रमांक मिळतो, कृषी अधिकारी बाग पाहून किडीची नोंद करतो, शेतकऱ्याने फवारणीची वही ठेवायची असते. पॅकहाउसमध्ये आलेला माल याच क्रमांकाने ओळखला जातो. फायटो हा या साखळीचा शेवटचा कागद. आखाती देशांत जाणाऱ्या मालाला सहसा एवढे सोपस्कार नसतात.

सीमाभागातल्या शेतकऱ्याची अडचण इथे सुरू होते. बाग अथणी तालुक्यात किंवा विजयपूर जिल्ह्यात, व्यापारी तासगावचा, पॅकहाउस सांगली जिल्ह्यात आणि जहाज न्हावा-शेवाहून, ही साखळी या भागात नवलाची नाही. महाराष्ट्रात बागेच्या नोंदणीसाठी कृषी खात्याकडे जायचे असते. कर्नाटकात कृषी आणि फलोत्पादन ही दोन वेगळी खाती आहेत आणि द्राक्ष, आंबा, डाळिंब फलोत्पादन खात्याकडे येतात. नोंदणी जमीन ज्या राज्यात आहे तिथेच होते. पॅकहाउस कुठे आहे किंवा शेतकरी कुठल्या गावात राहतो, याने फरक पडत नाही.

दुसरी अडचण नावाची. कर्नाटकातला उतारा कन्नडमध्ये, आधार इंग्रजीत, बँकेचे पासबुक आणखी वेगळ्या स्पेलिंगचे. 'पाटील' एकीकडे एका 'ए'चे, दुसरीकडे दोन 'ए'चे. उताऱ्यावर आजोबांचे नाव आणि बाग नातू बघतो, हेही घरोघरी असते. नोंदणी करतानाच एक स्पेलिंग ठरवून सगळीकडे तेच लावले तर हंगामात धावाधाव होत नाही. मार्चमध्ये गाडी पॅकहाउसच्या दारात उभी असताना हे काम करायला गेले तर होत नाही.

तिसरी गोष्ट जास्त गंभीर. नोंदणी असलेल्या बागेचा माल कमी पडला की शेजारच्या, नोंदणी नसलेल्या बागेचे चार क्रेट त्यात मिसळण्याचा मोह व्यापाऱ्याला होतो. तपासणीत ते कळेलच असे नाही. पण युरोपात पेटीत अळी सापडली तर तिथून येणाऱ्या सूचनेवरून शोध लागतो तो नोंदणी असलेल्या शेतकऱ्याच्या प्लॉट क्रमांकाचा. ज्याच्या फळात कीड नव्हती त्याचे नाव खराब होते. म्हणून आपल्या क्रमांकावर किती किलो माल गेला, हे शेतकऱ्याने व्यापाऱ्याकडून लेखी मागून घ्यावे. तो मागण्याचा त्याला हक्क आहे आणि कुणी टाळाटाळ केली तर त्यातूनही काय ते समजते.

फायटोवर 'उगमस्थान' असा रकाना असतो. त्यात पीक जिथे वाढले ते ठिकाण यायला हवे, पॅकिंगचे नव्हे. देशाचे नाव किमान लागतेच. एखाद्या कीडमुक्त भागाच्या आधारावर माल पाठवायचा असेल तर त्या भागाचे नावही हवे. विजयपूरचे द्राक्ष सांगलीत भरले म्हणून सांगलीचे होत नाही.

रकाने आणि त्यांतल्या चुका

बाकीचे रकाने दिसायला साधे: निर्यातदार, घेणारा, पेट्यांची संख्या आणि वर्णन, पेट्यांवरच्या खुणा, कशाने जाणार, कुठल्या बंदरातून आत शिरणार, मालाचे नाव आणि वजन, वनस्पतीचे शास्त्रीय नाव. परदेशातला अधिकारी हे सगळे इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि प्रत्यक्ष माल यांच्याशी ताडून बघतो. ऐनवेळी विमान बदलले, ४०० पेट्यांऐवजी ३८५ च भरल्या, आणि कागद जुन्याच आकड्याचा राहिला, तर माल निर्दोष असूनही अडकू शकतो. खाडाखोड करून वर सही न घेतलेला, अर्धवट भरलेला, वाचता न येणारा, आतल्या आत विसंगत असलेला किंवा मुदत संपलेला कागद अवैध धरण्याची मुभा आंतरराष्ट्रीय मानकातच आहे. दुरुस्ती हवी तर ती देणाऱ्या अधिकाऱ्यानेच करायची. एजंटच्या ऑफिसात व्हाइटनर लावून नव्हे.

शास्त्रीय नावाला बरेच जण कंटाळतात, पण त्याचे कारण आपल्या बोलीतच आहे. 'घेवडा' म्हटले की एका गावात वालाच्या जातीची शेंग, दुसऱ्या गावात फरसबीच्या कुळातला श्रावण घेवडा. पावटा, वाल, वालपापडी यांची सरमिसळ तर विचारूच नका. युरोपातल्या अधिकाऱ्याला नियम लावायचा असतो तो जातीला, बाजारातल्या नावाला नाही.

सर्वांत जास्त डोकेदुखी 'अतिरिक्त घोषणा' या भागाची. काही किडींबाबत आयात करणारा देश नेमके वाक्य मागतो: माल कीडमुक्त भागातला आहे, किंवा उत्पादनाची जागा तपासलेली आहे, किंवा अमुक प्रक्रिया केलेली आहे. पर्याय त्यांच्या नियमात दिलेले असतात आणि त्यांतला कुठला लागू ते निवडून तसेच लिहावे लागते. आंब्यासाठी युरोपचा रोख फळमाशीवर असतो, कारली आणि वांग्यांसाठी थ्रिप्स पाल्मी या फुलकिड्यावर. अंदाजे लिहिलेले, मागच्या वर्षीच्या खेपेतून उचललेले वाक्य चालत नाही. नियम बदललेला असू शकतो. १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपने अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर ही पाच फळे सोडून जवळपास सगळ्या ताज्या फळे-भाज्यांना फायटो सक्तीचा केला. त्याच नियमांत आणखी एक अट आहे. माल देशाबाहेर पडण्याआधी १४ दिवसांपेक्षा जुना फायटो चालत नाही. जहाज लांबले की पहिली नजर या तारखेवर टाकायची.

घेणाऱ्याला 'तुमच्याकडचा ताजा नियम पाठवा' असे ईमेल करणे हे सर्वांत स्वस्त काम. तरीही पुष्कळ लोक ते माल भरल्यावर करतात.

प्रक्रियेचा भाग

कागदाच्या खालच्या बाजूला, मालावर कीड मारण्यासाठी काय केले याची नोंद असते: तारीख, पद्धत, रसायन, तापमान, किती वेळ. आंब्याच्या उदाहरणाने हे लगेच समजते. अमेरिकेसाठी विकिरण, ते वर आलेच. त्याची सोय लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या 'कृषक' प्रकल्पात आणि वाशीला पणन मंडळाच्या केंद्रात आहे. २००७ मध्ये भारतीय आंबा पुन्हा अमेरिकेत गेला तो याच मार्गाने. युरोपसाठी ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ६० मिनिटे. जपानसाठी उष्ण बाष्प प्रक्रिया, ज्यात गराचे तापमान ४७.५ अंशांवर नेऊन २० मिनिटे ठेवावे लागते. जपानने २००६ मध्ये भारतीय आंब्याला दार उघडले ते या अटीवर. हापूस नाजूक, गरम पाण्याने त्याचा रंग आणि टिकाऊपणा बिघडतो ही बागायतदारांची जुनी तक्रार आहे आणि ती निराधार नाही. केसरला तो त्रास कमी होतो असे व्यापारी सांगतात.

धान्य, शेंगदाणे, मसाले, काजू यांसाठी धुरीकरण असते, बहुधा मिथाइल ब्रोमाइड किंवा अॅल्युमिनियम फॉस्फाइडने. ते मान्यताप्राप्त एजन्सीनेच करायचे. एजन्सी देते तो धुरीकरणाचा दाखला वेगळा आणि फायटो वेगळा. धुरीकरण झाले म्हणजे फायटो मिळाला, असा एक गैरसमज धान्याच्या नव्या निर्यातदारांत हमखास आढळतो. धुरीकरण वरवरचे झाले तर काय होते याचे उदाहरण शेंगदाण्याचे आहे: २०१५ मध्ये भारतीय शेंगदाण्यात जिवंत भुंगे सापडल्यावर व्हिएतनामने आयात थांबवली, ती २०१६ मध्ये सुरू झाली.

कशाला फायटो लागतो आणि कशाला नाही, याचा ढोबळ नियम असा: माल जितका कच्चा, तितकी सक्ती जास्त. लावण्यासाठीची रोपे आणि बियाणे सर्वांत कडक. त्याखालोखाल ताजे फळ-भाजी आणि न भाजलेले धान्य. लोणचे, मुरंबा, डबाबंद आमरस यांत कीड राहूच शकत नाही, म्हणून त्यांना सहसा नाही. मधल्या मालाचे देशागणिक वेगळे. बेदाण्याला युरोप फायटो मागत नाही, दुसरा एखादा देश मागू शकतो. काजूगराचेही तेच.

फायटो काय सांगत नाही

२०१४ च्या मे महिन्यात युरोपने आंबा थांबवला, तो किडीमुळे. त्याच महिन्याच्या अखेरीस सौदी अरेबियाने भारतीय हिरवी मिरची थांबवली, ती कीटकनाशकाच्या अंशामुळे. दोन्ही बातम्या 'निर्यातबंदी' या एकाच मथळ्याखाली आल्या आणि गावोगावी गोंधळ झाला. फायटोचा कीटकनाशकाच्या अंशाशी काही संबंध नाही. त्यासाठी वेगळी प्रयोगशाळा आणि वेगळा अहवाल. २०१० च्या हंगामात युरोपात द्राक्षे अडकली ती क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे, आणि त्या द्राक्षांचा फायटो बरोबर असता तरी काही उपयोग नव्हता. उलट, कीड नको म्हणून शेवटच्या आठवड्यात फवारा वाढवला तर फायटोची परीक्षा पास आणि अंशाची नापास, असे होऊ शकते. बागायतदार या दोन टोकांच्या मधे उभा असतो.

गोडी, रंग, आकार, टिकाऊपणा यांबद्दलही फायटो काही बोलत नाही. आंब्यातला साका हा निर्यातदाराचा काळ असला तरी तो किडीचा प्रकार नाही. साक्याच्या आंब्याला फायटो मिळू शकतो.

बँकेच्या कामात याची वेगळीच गाठ पडते. घेणाऱ्याने उघडलेल्या लेटर ऑफ क्रेडिटमध्ये कधी कधी 'फायटोवर एलसी क्रमांक असावा', 'माल उत्तम प्रतीचा असल्याचे फायटोवर नमूद असावे' अशा अटी घातलेल्या असतात. आंतरराष्ट्रीय मानकानुसार एलसीसारखी व्यापारी माहिती किंवा गुणवत्तेचे शेरे फायटोवर यायलाच नकोत, आणि अधिकाऱ्याने ते लिहायला नकार दिला तर तो बरोबर असतो. पण कागद अटीप्रमाणे नाही म्हणून बँक पैसे अडवते. एलसीचा मसुदा आला की तो आधी वाचून अशी अट काढून टाकायला लावणे, एवढाच मार्ग. माल समुद्रात असताना ती दुरुस्ती घेणाऱ्याच्या मर्जीवर राहते.

आणि पैशाचे शेवटचे. फायटोच्या छापील नमुन्यात एक ओळ असू शकते, जी फार थोडे लोक वाचतात: या प्रमाणपत्राबाबत संघटनेवर किंवा तिच्या अधिकाऱ्यांवर कोणतीही आर्थिक जबाबदारी राहणार नाही. माल परदेशात नाकारला गेला तर सरकार भरपाई देत नाही. साध्या मालवाहतूक विम्यातही परदेशी सरकारच्या नकाराची जोखीम सहसा धरलेली नसते. तिची वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. नुकसान निर्यातदाराचे, आणि माल 'विकल्यावर पैसे' या बोलीवर गेला असेल तर ते हळूच शेतकऱ्याच्या पट्टीवर उतरते. सौदा करताना एक ओळ लिहून घेतली पाहिजे: बागेबाहेर गेलेला माल कागदाच्या चुकीने अडकला तर तोटा कुणाचा. किडीने अडकला तर कुणाचा, ही वेगळी ओळ.

ओतकामाच्या पेटीलाही

उद्यमबागमधल्या फाउंड्रीवाल्याला वाटेल, हे सगळे शेतीचे, आपला काय संबंध. लोखंडाच्या ओतकामाला कीड लागत नाही हे खरे. पण ते ज्या लाकडी पेटीत किंवा पॅलेटवर जाते, त्या लाकडाला लागते. 'आयएसपीएम १५' या मानकाप्रमाणे पॅकिंगच्या लाकडाच्या गाभ्यापर्यंत किमान ५६ अंश सेल्सिअस उष्णता सलग ३० मिनिटे द्यावी लागते किंवा मान्य वायूने धुरीकरण करावे लागते. त्याचा पुरावा कागदावर नसतो, लाकडावर असतो: गव्हाच्या लोंबीचे चिन्ह, देशाचा 'आयएन' हा कोड, प्रक्रिया करणाऱ्याचा क्रमांक आणि उष्णतेसाठी 'एचटी' ही अक्षरे. शिक्का नसलेली एक फळी पेटीत ठोकली तरी पूर्ण कंटेनर थांबू शकतो. स्थानिक सुताराकडून पेट्या करून घेताना लाकूड शिक्क्याचे आहे का ते पाहायचे, आणि दुरुस्तीसाठी जुनी फळी वापरू द्यायची नाही. प्लायवुड हे उष्णता आणि दाबाखाली बनते म्हणून त्याला ही अट नाही.

बॅगेतून नेताना

मुलगा-सून परदेशात असलेल्या घरांतून उन्हाळ्यात एक प्रश्न ठरलेला: बॅगेत आंबे नेले तर चालतील का? अमेरिकेत नाही. विकिरणाशिवायचा ताजा आंबा तिथे प्रवाशाच्या बॅगेतूनही जात नाही. युरोपीय संघात प्रवाशालाही फायटोचा नियम लागू आहे, वरची पाच फळे सोडून. चार आंब्यांसाठी कुणी फायटो काढत नाही, म्हणजे व्यवहारात तिथेही नाहीच. कढीपत्त्याचे तर नाव काढू नये. लिंबूवर्गीय झाडांना मारणारा ग्रीनिंग रोग पसरवणारी कीड त्या झाडावर जगते म्हणून अमेरिका ताज्या कढीपत्त्याबाबत फार कडक आहे. तुळशीचे रोप, मोगऱ्याची काडी, मातीसकट कुंडी, हे सगळे लावण्याच्या मालात मोडते आणि सर्वांत आधी पकडले जाते.

फराळाचे चिवडा-लाडू, लोणचे, भाजलेला मसाला यांना फायटोचा अडथळा नाही. मात्र ते जाहीर करायचे असते. फॉर्मवर 'खाद्यपदार्थ आहेत' अशी खूण केली तर फार तर वस्तू काढून घेतात. लपवले आणि सापडले तर दंड होतो.

तांदळाचे अनेकांना माहीत नसते. खाप्रा नावाच्या धान्यातल्या भुंग्यामुळे अमेरिकेने २०११ पासून भारतासारख्या देशांतून प्रवाशांनी आणलेल्या तांदळाला मनाई केली आहे. व्यापारी खेप फायटोसह जाऊ शकते, पण नातवासाठी बॅगेत घातलेला दोन किलो बेळगाव बासमती विमानतळावरच ठेवून यावा लागतो.